पॅसिफिक माना डॅशबोर्ड: कायद्यांचा हिशेब चोख, ताटाचा अपुरा

लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार यांना आळा घालण्यासाठी पॅसिफिक महासागरातील बेटांची सरकारे नेमकी काय करत आहेत, हे एका नजरेत दाखवणारे साधन म्हणून पॅसिफिक माना डॅशबोर्ड ओळखला जातो. पॅसिफिक मॉनिटरिंग अलायन्स फॉर एनसीडी अॅक्शन (एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजार) या आघाडीने तो तयार केला असून, न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे मुख्यालय असलेली पॅसिफिक समुदाय ही आंतरसरकारी संस्था, म्हणजेच एसपीसी, त्याचे समन्वयन करते. एकवीस देश व प्रदेश आणि एकतीस निकष असा त्याचा आवाका आहे. तो सर्वांसाठी मोफत खुला आहे आणि वाचण्यासाठी कोणत्याही विशेष प्रशिक्षणाची गरज भासत नाही. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, पत्रकार आणि तौलनिक धोरणांचे अभ्यासक यांनी तो अवश्य वापरावा, असे माझे मत आहे. मात्र तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाला स्पर्शही करत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. तंबाखू आणि मद्य हे त्यातील मोठे विभाग मी येथे बाजूला ठेवतो आणि आहार व शारीरिक निष्क्रियता या दोनच अंगांनी त्याची परीक्षा करतो.

या साधनाची गरज का निर्माण झाली, हे थोडक्यात सांगायला हवे. नाउरू, टोंगा, अमेरिकन सामोआ यांसारख्या बेटांवर प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे आणि पॅसिफिक बेटांवरील साधारण चारपैकी तीन मृत्यू असंसर्गजन्य आजारांमुळे होतात. फिजीतील यानुका बेटावर १९९५ मध्ये जमलेल्या आरोग्यमंत्र्यांनी ‘निरोगी बेटे’ या संकल्पनेचा स्वीकार केला. अमेरिकेशी संलग्न असलेल्या बेटांच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने २०१० मध्ये प्रादेशिक आणीबाणी जाहीर केली, तर २०११ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरमच्या नेत्यांनी या आजारांना मानवी, सामाजिक आणि आर्थिक संकट म्हटले. घोषणांचा तुटवडा तेथे कधीच नव्हता. घोषणेनंतर प्रत्येक देशाने कोणता कायदा केला, कोणता कर लावला आणि कोणते काम तसेच पडून राहिले, हे सातत्याने विचारणारे मात्र कोणी नव्हते. ती उणीव या डॅशबोर्डने भरून काढली, आणि हे त्याचे पहिले व मोठे श्रेय आहे.

रचना सोपी आहे. निकषांचे चार गट पाडले आहेत: नेतृत्व व प्रशासन, प्रतिबंधक धोरणे, आरोग्यसेवेचा प्रतिसाद आणि देखरेख. प्रत्येक निकषासमोर देशाला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग मिळतो. लाल म्हणजे धोरण अस्तित्वात नाही, पिवळा म्हणजे ते तयार होत आहे आणि हिरवा म्हणजे ते लागू आहे. हिरव्या रंगाच्या आत पुन्हा एक ते तीन तारे असतात, आणि माझ्या मते या साधनातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच आहे. नुसता हिरवा रंग पाहून समाधान मानण्याची सोय त्यामुळे राहत नाही. नावापुरता कर लावणारा देश आणि लोकांच्या खरेदीवर परिणाम होईल इतका कर लावणारा देश हे एकाच रंगात, पण वेगवेगळ्या ताऱ्यांसह दिसतात. कॅरिबियन देशांशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. तेथील राष्ट्रप्रमुखांनी सप्टेंबर २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे असंसर्गजन्य आजारांविषयी जाहीरनामा काढला आणि त्याच्या पाठपुराव्यासाठी एक तक्ता तयार झाला. त्या तक्त्यात ‘आहे’, ‘अर्धवट आहे’ आणि ‘नाही’ एवढ्याच खुणा असल्यामुळे एखादे काम झाले असले तरी ते किती ताकदीने झाले, हे त्यातून समजत नाही. पॅसिफिकचा डॅशबोर्ड त्याच्या एक पाऊल पुढे आहे.

आणखी एक जमेची बाजू म्हणजे पडताळणी. देशाच्या प्रतिनिधीने ‘आमच्याकडे हे आहे’ असे सांगितले की हिरवा रंग भरला, अशी ही पद्धत नाही. कायदा, अधिसूचना किंवा धोरणाचा मसुदा यांसारखा लेखी पुरावा पाहून आणि त्या त्या देशातील जबाबदार अधिकाऱ्यांशी चर्चा करून रंग ठरवले जातात. आरोग्य खात्यांनी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेण्याची जी सवय जगभर दिसते, तिला यामुळे बऱ्यापैकी लगाम बसतो.

आता आहाराच्या विभागाकडे वळतो, कारण या साधनाचा कस खऱ्या अर्थाने तेथे लागतो. मिठाचे सेवन कमी करणे, ट्रान्स फॅटवर नियंत्रण, मुलांना उद्देशून होणाऱ्या अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर निर्बंध, अन्नपदार्थांवरील कर, शाळांमधील पौष्टिक आहाराचे धोरण आणि आहारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे हे निकष येथे भेटतात. यादी योग्य आहे. शाळांचे धोरण आणि मार्गदर्शक तत्त्वे या रकान्यांत काम करणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांना कोणाचा विरोध नसतो. जाहिरातींवरील निर्बंधांचा रकाना मात्र बहुतेक देशांची कसोटी पाहतो, आणि तो असा उघडपणे मांडला जातो हे चांगलेच आहे. परंतु बेटांच्या आहाराचा प्रश्न मुळात बंदरावर सुरू होतो, आणि बंदरासाठी या तक्त्यात पुरेशी जागा नाही.

फिजी आणि सामोआ यांची उदाहरणे घेऊ. मेंढीच्या पोटाकडील चरबीदार मांस, ज्याला तिकडे मटन फ्लॅप्स म्हणतात, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून या बेटांवर स्वस्तात येते. पिकवणाऱ्या देशांतील ग्राहक ज्याला फारसे विचारत नाहीत, ते बेटांवरील गरीब कुटुंबांचे रोजचे मांस होते. फिजीने २००० साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. ती आयातीवर न घालता विक्रीवर घालण्यात मोठा शहाणपणा होता. मांस कोणत्याही देशातून आलेले असो, नियम सर्वांना सारखाच लागू असल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीत त्याला आव्हान देणे अवघड होते. निर्यातदारांच्या बाजूने तक्रारीची भाषा झाली, पण बंदी टिकली. सामोआची कथा उलट आहे. अमेरिकेतून येणाऱ्या टर्कीच्या चरबीदार शेपट्यांच्या आयातीवर सामोआने २००७ मध्ये बंदी घातली. पुढे तो देश जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळवण्याच्या वाटाघाटींत होता, तेव्हा ही बंदी उठवण्याचे आश्वासन त्याला द्यावे लागले. २०१२ मध्ये सदस्यत्व मिळाले आणि बंदीच्या जागी भारी आयात शुल्काची सोय करावी लागली.

हे दोन्ही प्रसंग आरोग्यधोरणाच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहेत. पण डॅशबोर्ड उघडून त्यांचा शोध घेतला, तर ते सरळपणे सापडत नाहीत. अन्नावरील कर असा रकाना आहे, विशिष्ट पदार्थावरील बंदी असा नाही, आणि व्यापार कराराच्या दबावामुळे मागे घेतलेले धोरण दाखवण्याची तर काही सोयच नाही. देशाने प्रयत्नच केला नाही आणि देशाने प्रयत्न केला पण त्याला माघार घ्यावी लागली, या दोन अगदी भिन्न गोष्टी तक्त्यात सारख्याच दिसू शकतात. सामोआच्या आरोग्य खात्यावर हा अन्याय आहे, असे मला वाटते. रंग ठरवणाऱ्यांनी पदरमोड करून एखादा रकाना वाढवावा, असे म्हणणे सोपे आहे याची जाणीव मला आहे. तरीही ज्या प्रदेशात बहुतांश प्रक्रिया केलेले अन्न जहाजातून येते, तेथे सीमाशुल्क आणि व्यापार खात्याची भूमिका आरोग्य खात्याइतकीच ठळकपणे मोजली गेली पाहिजे.

करांच्या रकान्यातही हीच मर्यादा वेगळ्या रूपात दिसते. नाउरूने २००७ मध्ये साखर, मिठाई आणि गोड पेयांवर ३० टक्के आयात अधिभार लावला आणि त्याच वेळी बाटलीबंद पाण्यावरील अधिभार काढून टाकला. या निर्णयातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नाउरू हे जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे बेट आहे. फॉस्फेटच्या खाणींनी त्याचा मधला भाग पार उखडून टाकला आहे, शेतीला जमीन उरलेली नाही, नदी नाही, आणि पिण्याचे पाणी पावसावर व समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रांवर अवलंबून आहे. अशा ठिकाणी गोड पेय महाग करताना पाणी स्वस्त केले नाही, तर कर म्हणजे केवळ वसुली ठरते. १९७० च्या दशकात येथे झालेल्या तपासणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला होता आणि त्यानंतरच जगाचे लक्ष या बेटांकडे गेले, हे लक्षात घेतले तर नाउरूच्या धोरणकर्त्यांनी कराची दोन टोके एकत्र बांधली याचे मोल कळते. डॅशबोर्डचे तारे मात्र मुख्यतः कर आहे की नाही आणि तो किती आहे यांवर ठरतात. पर्याय उपलब्ध केला का, याची नोंद त्यांतून स्पष्ट होत नाही.

कराचा पैसा कोठे जातो, हा प्रश्नही तसाच राहतो. फ्रेंच पॉलिनेशियाने २००२ मध्येच गोड पेयांवर कर लावला होता, आणि या बाबतीत तो प्रदेश जगातील पहिल्या काहींपैकी एक आहे. सुरुवातीला ते उत्पन्न आरोग्य प्रतिबंधक निधीत जात असे. काही वर्षांनी त्याचा मोठा वाटा सर्वसाधारण तिजोरीकडे वळवण्यात आला. कर तोच राहिला, पण त्याचे आरोग्याशी असलेले नाते पातळ झाले. टोंगाने २०१३ पासून गोड पेये आणि प्राणिज चरबीवर कर लावले, मासळीवरील आयात शुल्क कमी केले, आणि २०१६ मध्ये टर्कीच्या शेपट्या व झटपट नूडल्स यांच्यापर्यंत ही व्याप्ती वाढवली. धोरणांची ही मालिका पाहण्यासारखी आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातून निसटलेला पदार्थ पकडण्याचा प्रयत्न त्यात दिसतो. एक चरबीदार मांस महाग झाले की ग्राहक दुसऱ्या स्वस्त मांसाकडे वळतो, हे त्या सरकारला ठाऊक आहे. डॅशबोर्ड वाचणाऱ्याला मात्र टोंगाच्या रकान्यात फक्त हिरवा रंग दिसतो आणि ही सगळी धडपड त्यामागे दडून राहते. मला वाटते, करांच्या रकान्याला केवळ एका ओळीची टीप जोडली असती, तरी वाचकाचे पुष्कळ भले झाले असते.

याच संदर्भात पॅसिफिकच्या बाहेरचे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. हिंदी महासागरातील मॉरिशसने १९८७ मध्ये अनुदानित शिध्यातील खाद्यतेल बदलले. त्यात प्रामुख्याने असलेल्या पामतेलाची जागा सोयाबीन तेलाने घेतली. १९८७ ते १९९२ या काळात तेथील प्रौढांचे सरासरी रक्तातील कोलेस्टेरॉल प्रति लिटर ५.५ वरून ४.७ मिलिमोलपर्यंत खाली आले. कोणालाही आपली खाण्याची सवय जाणीवपूर्वक बदलावी लागली नाही, कारण स्वयंपाकघरात पोहोचणारे तेलच बदलले होते. याच पाच वर्षांत मॉरिशसमधील जादा वजन आणि लठ्ठपणा मात्र वाढला, हेही तितकेच खरे आहे. एका निर्णयाने रक्तातील एक आकडा सुधारतो आणि वजनाचा काटा उलट्या दिशेने जातो, ही गुंतागुंत लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत मावत नाही. हा निर्णय पॅसिफिकमधील एखाद्या देशाने घेतला असता, तर डॅशबोर्डच्या कोणत्या रकान्यात तो बसला असता, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

शारीरिक निष्क्रियतेच्या बाबतीत डॅशबोर्ड जवळजवळ निराश करतो. शाळेच्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षण सक्तीचे आहे का, हा मुख्य प्रश्न विचारून तो पुढे सरकतो. शाळेतील मुलांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक निष्क्रिय झालेले आहेत ते प्रौढ, आणि त्यांतही स्त्रिया. टोंगाने २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मदतीने ‘काऊ माई टोंगा’ ही मोहीम नेमकी त्यांच्यासाठी सुरू केली. स्त्रियांना परिचित असलेल्या नेटबॉलच्या खेळाभोवती ती उभारली गेली. व्यायामशाळेत जाण्याचा सल्ला देण्याऐवजी गावातील मैत्रिणींनी एकत्र येऊन खेळण्याचे निमंत्रण देणारी ही कल्पना त्या समाजाला ओळखून आखलेली होती. याआधी टोंगाचे राजे ताउफा’आहाऊ तुपोऊ चौथे, जे एके काळी दोनशे किलोहून अधिक वजनाचे होते, त्यांनी १९९० च्या दशकात स्वतः वजन कमी करून देशभरात वजन घटवण्याच्या स्पर्धा भरवल्या होत्या. वानुआतूत सरकारी कर्मचाऱ्यांना चालण्यासाठी कामाच्या वेळेतून मोकळीक देण्याचे आणि संघ करून पावले मोजण्याच्या स्पर्धांचे प्रयोग झाले. यांतील कोणताही प्रयत्न डॅशबोर्डच्या निकषांत नीट बसत नाही, कारण तो कायदे मोजतो आणि चालणे कायद्याने घडत नाही. रस्त्याच्या कडेला पदपथ, अंधार पडल्यावर दिवे, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त आणि स्त्रियांना निर्धास्तपणे वापरता येईल असे मैदान, या गोष्टी आरोग्य खात्याच्या हाती नसतात हे मान्य. पण करवसुलीदेखील त्याच्या हाती नाही, आणि तिची नोंद मात्र डॅशबोर्ड घेतो.

देशांच्या आकाराचा प्रश्न थोडक्यात उरकतो. टोकेलाऊसारख्या सुमारे दीड हजार लोकवस्तीच्या प्रदेशाला आणि एक कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या पापुआ न्यू गिनीला एकाच कोष्टकात एकाच मापाने तोलले जाते. लहान प्रदेशात एकच अधिकारी पोषण, तंबाखू, मधुमेह आणि शाळा असे सगळे विषय सांभाळत असतो. त्याने मिळवलेला एक हिरवा रंग आणि मोठ्या मंत्रालयाने मिळवलेला एक हिरवा रंग यांत फरक आहे. शेजाऱ्याशी तुलना होत असल्यामुळे मंत्र्यांवर दबाव येतो, हा या पद्धतीचा हेतू आहे आणि तो बऱ्याच अंशी साधतोही. तरीही कोष्टक वाचताना लोकसंख्येचा आकडा शेजारी ठेवूनच वाचावे.

अद्ययावत राहण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. हे दर आठवड्याला बदलणारे पान नाही. ठरावीक कालावधीनंतर देशांकडून पुरावे गोळा करून नवी आवृत्ती तयार होते. दरम्यान करांचे दर बदललेले असू शकतात. बार्बाडोसने गोड पेयांवरील १० टक्के कर सप्टेंबर २०१५ मध्ये लावला आणि एप्रिल २०२२ मध्ये तो दुप्पट, म्हणजे २० टक्के केला. हे कॅरिबियनमधील उदाहरण असले, तरी अशा एका बदलाने ताऱ्यांची संख्या बदलते, हे ध्यानात ठेवून जुन्या आवृत्तीतील रंगाचा आधार घेताना तारीख पाहावी. लेखात किंवा प्रबंधात उद्धृत करणाऱ्याने तर आवृत्तीचे वर्ष लिहिल्याशिवाय रंगाचा उल्लेख करूच नये.

पाचपैकी साडेतीन गुण मी या साधनाला देईन. त्यांतील बहुतेक गुण ताऱ्यांच्या पद्धतीला आणि पुराव्यांच्या पडताळणीला आहेत, आणि कापलेले गुण आयात, पर्यायी अन्न व प्रौढांची हालचाल या तीन मोकळ्या जागांसाठी आहेत. ज्यांना एखाद्या देशाविषयी लिहायचे आहे, त्यांनी प्रादेशिक कोष्टकापासून सुरुवात न करता त्या देशाचे स्वतंत्र पान आधी उघडावे, त्यातील अन्नविषयक रकाने वाचावेत आणि मग त्या देशाचे सीमाशुल्क वेळापत्रक शेजारी ठेवून कोणत्या मांसावर, तेलावर आणि पेयावर किती शुल्क आहे, हे स्वतः ताडून पाहावे. दोन्ही कागद एकत्र वाचले तरच हिरव्या रंगाचा अर्थ लागतो. पुढची आवृत्ती तयार करणाऱ्यांना एकच सूचना करावीशी वाटते: शारीरिक शिक्षणाच्या रकान्याखाली प्रौढांसाठी आणखी एक रकाना जोडावा आणि तो भरण्याची जबाबदारी आरोग्य खात्यावर न टाकता रस्ते व नगररचना पाहणाऱ्या खात्यावर टाकावी.